दुसरा फिल्टर : काचेच्या पेटीपासून बेळ्ळंदूरच्या तळ्यापर्यंत

बंगळूरच्या मारतहळ्ळी भागात, आउटर रिंग रोडच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांतून संध्याकाळी फिरताना दिवाणखान्यांच्या खिडक्यांमागे निळसर उजेड दिसतो. त्यातला काही दूरचित्रवाणीचा असतो, काही माशांच्या पेट्यांचा. संगणक-उद्योगाच्या निमित्ताने पुणे, नागपूर, सोलापूर, बेळगाव इथून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी इथे घर मांडले आणि त्या घरांत एक काचेची पेटीही मांडली. अशा पेटीची गोष्ट बहुधा सारखीच असते. आधी चार मासे येतात, मग आठ, मग मुलांच्या हट्टाने दोन गोल्डफिश. काही आठवड्यांनी पाणी गढूळ दिसू लागते, मासे वर येऊन तोंडे उघडझाप करतात आणि घरात निर्णय होतो : आणखी एक फिल्टर बसवू या. नवा, मोठा फिल्टर येतो, जुना काढून कचऱ्यात जातो. चार-पाच दिवसांनी पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते आणि मासे मरू लागतात.

स्वच्छ पाण्यात मासे का मरावेत, या प्रश्नाचे उत्तर शोधायला विज्ञानाला जवळजवळ दीडशे वर्षे लागली, आणि त्याचा शेवटचा दुवा २०१५ साली माशांच्याच एका संवर्धन-यंत्रणेच्या फिल्टरमध्ये सापडला. या इतिहासातला एक धागा बंगळूरमधून जातो. मारतहळ्ळीच्या दक्षिणेला पसरलेल्या बेळ्ळंदूर तळ्याशी त्याचा संबंध आहे.

बाप आणि मुलगा

१८४९ साली लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या एका मोठ्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि तळाशी व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. मासे सोडतात तो कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेईल आणि वनस्पती देते तो ऑक्सिजन मासे घेतील, अशी त्यांची मांडणी होती. परंतु झाडाची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी घाण झाले. वॉरिंग्टन यांनी त्यात तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने खाल्ली आणि भांडे पुन्हा निवळले. १८५० साली केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. माशांच्या पेटीचा 'समतोल' ही कल्पना तिथून रुजली.

त्याच काळात ॲना थिन या बाईंनी समुद्रातले प्रवाळ लंडनला आणून घरात जगवले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतत असे. आज विजेचा पंप जे काम करतो, ते तेव्हा एका बाईचे हात करत होते. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेला.

वॉरिंग्टन यांच्या समतोलात मात्र एक भागीदार हिशेबाबाहेर राहिला होता. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनिया निघतो. गोगलगाय कुजके पान खाते, परंतु अमोनिया खात नाही. मग तो जातो कुठे?

याचे उत्तर शोधणाऱ्यांत वॉरिंग्टन यांचा मुलगा होता. त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच. तो इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या कृषी-प्रयोगक्षेत्रात काम करत होता. जमिनीतल्या अमोनियाचे नायट्रेट कसे होते, हा त्याचा विषय. तोपर्यंत ही निव्वळ रासायनिक क्रिया समजली जाई. १८७७ साली फ्रान्समध्ये तेओफील श्लोझिंग आणि अशिल म्युंत्झ यांनी तो समज मोडला. वाळू आणि खडूची पूड भरलेल्या एका उंच नळीतून त्यांनी सांडपाणी अगदी हळू झिरपत ठेवले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसा आत गेला तसा बाहेर आला. त्यानंतर एकाएकी नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. क्रिया केवळ रासायनिक असती, तर ती पहिल्या दिवसापासून चालली असती. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा नायट्रेट बनणे थांबले. क्लोरोफॉर्म काढून घेऊन थोड्या मातीचे धुवण घातल्यावर क्रिया पुन्हा सुरू झाली. याचा अर्थ काम करणारे कोणीतरी सजीव होते.

धाकट्या वॉरिंग्टनने रॉथॅमस्टेडला हे पडताळून पाहिले आणि पुढे दाखवले की काम दोन टप्प्यांत होते : आधी अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्ही टप्पे वेगवेगळे जिवाणू पार पाडतात. बापाच्या पेटीतला हिशेबाबाहेरचा भागीदार मुलाच्या मातीत सापडला, असे म्हणता येईल. परंतु हे जिवाणू नेहमीच्या जिलेटिनवर वेगळे काढायचे त्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे फसत राहिले. १८९० साली सर्गेई विनोग्राड्स्की यांनी झ्युरिकमध्ये कारण ओळखले. या जिवाणूंना सेंद्रिय अन्न लागतच नाही. अमोनियाच्या ऑक्सिडीभवनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ते हवेतला कार्बन घेऊन वाढतात. त्यांच्यापुढे पौष्टिक जिलेटिन ठेवले की भलतेच जिवाणू माजतात आणि हे मागे पडतात.

या ऊर्जेचा व्यवहार फार काटकसरीचा असतो. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना दुप्पट व्हायला अर्ध्या दिवसापासून एक-दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो. श्लोझिंग आणि म्युंत्झ यांच्या नळीतले ते वीस दिवस या संथ वाढीचे होते, आणि नवी पेटी 'बसायला' लागणारे चार ते सहा आठवडेही याच वाढीचे आहेत.

मँचेस्टरचा गाळ, बंगळूरचा प्राध्यापक

विसाव्या शतकाच्या आरंभी शहरांपुढे हाच प्रश्न फार मोठ्या आकारात उभा होता. मँचेस्टर शहराचे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर १९१२ साली अमेरिकेत गेले असता त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स प्रयोगकेंद्रात सांडपाण्यात हवा फुंकण्याचे प्रयोग पाहिले. परतल्यावर त्यांनी एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या सहकाऱ्यांना तसे प्रयोग करायला सुचवले.

आर्डर्न आणि लॉकेट यांनी बाटलीभर सांडपाण्यात हवा सोडत ठेवली. पूर्ण नायट्रीकरण व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. हा वेग शहराच्या काही उपयोगाचा नव्हता. परंतु त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचे निवळलेले पाणी ओतून दिले, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर ताजे सांडपाणी घातले. या वेळी काम लवकर झाले. हा क्रम ते चालवत राहिले, आणि अखेर पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. आजवर फेकून देण्याची वस्तू समजला जाणारा गाळ हीच काम करणाऱ्यांची वसाहत होती. ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी हे निष्कर्ष मँचेस्टरमध्ये वाचले. 'सक्रिय गाळ' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आजही जगभरच्या सांडपाणी-शुद्धीकरणाचा कणा आहे.

दोन वर्षांनी, १९१६ साली, फाउलर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले. या संस्थेला शहर आजही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणते. १९२१ साली तिथे त्यांच्या प्रमुखत्वाखाली जीवरसायनशास्त्राचा विभाग सुरू झाला. मराठी वाचकांना हा विभाग दुसऱ्या एका नावाने ठाऊक असतो. १९३३ साली कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांना स्त्री म्हणून नाकारलेला प्रवेश अखेर एका वर्षाच्या अटीवर मिळाला, तो याच विभागात. फाउलर तोवर निघून गेले होते. तरी त्या विभागाच्या उगमापाशी मँचेस्टरचा गाळ होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सक्रिय गाळाची कल्पना सुचवणारा माणूस ज्या शहरात येऊन शिकवत होता, त्याच शहराची तळी शंभर वर्षांनी पेटणार होती.

पेटीतल्या फिल्टरची वाटचाल

घरगुती पेटीत जिवाणूंचा हा धडा उशिराच पोहोचला. सुरुवातीचे फिल्टर म्हणजे कापूस आणि कोळसा भरलेली डबी. कापूस दिसणारी घाण अडवतो, कोळसा रंग आणि वास शोषतो. १९५० च्या दशकात वाळूखाली जाळीची पाटी ठेवून हवेच्या बुडबुड्यांनी पाणी वाळूतून खाली ओढणारा फिल्टर रुळला. त्यात पेटीची सगळी वाळूच जिवाणूंचे घर झाली. मुंबईत १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहून ज्यांनी घरी पेटी मांडली, त्या पिढीने हीच वाळू अनेक वर्षे वापरली. पुढे स्पंजाचे फिल्टर आले, पेटीबाहेर ठेवायचे बंद डब्यांचे आले.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत सांडपाण्यासाठी प्लास्टिकच्या छोट्या, आत कप्पे असलेल्या चकत्या वापरात आल्या. त्या पाण्यात सतत घुसळत राहतात आणि त्यांच्या आतल्या भिंतींवर जिवाणूंचा थर वाढतो. अशा एक घनमीटर चकत्यांत सुमारे ५०० चौरस मीटर संरक्षित पृष्ठभाग मिळतो, म्हणजे एका लिटरला अर्धा चौरस मीटर. मारतहळ्ळीत आज या चकत्या दोन ठिकाणी सापडतात : हौशी मत्स्यपालकांच्या फिल्टरमध्ये आणि कित्येक गृहसंकुलांच्या तळघरातील सांडपाणी-शुद्धीकरण प्रकल्पात. दिवाणखान्यातली पेटी आणि तळघरातली टाकी एकाच तत्त्वावर चालतात. वरच्या मजल्यावरच्या माणसाला बहुधा त्याचा पत्ता नसतो.

दरम्यान पेट्या विज्ञानाला परतफेड करू लागल्या. पाठ्यपुस्तके नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर या दोन नावांवर थांबत. १९९८ साली टिमोथी होव्हॅनेक यांच्या गटाने गोड्या पाण्याच्या पेट्यांत दुसऱ्या टप्प्याचे काम नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू करतात असे दाखवले. २००५ साली मार्टिन कॉनेके आणि डेव्हिड स्टाल यांच्या गटाने सिॲटलच्या मत्स्यालयातील उष्णकटिबंधीय पेटीतून एक सूक्ष्मजीव वेगळा काढला. तो अमोनियावर जगत होता, पण जिवाणू नव्हता. तो आर्किया या वेगळ्याच सृष्टीतला निघाला. आज असे आर्किया महासागरांत प्रचंड संख्येने आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. २०१५ साली तर धाकट्या वॉरिंग्टनचे 'दोन टप्पे, दोन जीव' हे सूत्रच अपुरे ठरले. दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पायरा दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केला. होल्गर डाइम्स यांच्या गटाचा नमुना रशियातील खोल विहिरीच्या गरम पाण्याच्या नळातला होता. नेदरलँड्समधील नायमेखेन इथल्या मार्त्ये व्हान केसेल आणि सहकाऱ्यांचा नमुना मत्स्यसंवर्धनाच्या यंत्रणेला जोडलेल्या फिल्टरमधला होता. असा जीव असायला हवा, हे भाकीत गणिती विचाराने २००६ सालीच मांडले गेले होते. तो सापडला माशांच्या पाण्यात.

दुसरा फिल्टर नेमके काय करतो

आता दिवाणखान्यातल्या त्या पेटीकडे परत जाता येईल. जुना फिल्टर कळकट होता, कारण त्यात वसाहत होती. आर्डर्न आणि लॉकेट यांनी जपलेला गाळ घरमालकाने कचऱ्यात टाकला. नव्या फिल्टरने दिसणारी घाण अडवली, म्हणून पाणी आरशासारखे झाले. अमोनिया मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि नव्या फिल्टरमध्ये श्लोझिंगचा पहिला दिवस चालू होता.

अमोनिया किती विषारी ठरतो, हे पाण्याच्या आम्ल-अल्कधर्मी स्थितीवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सियसला, पीएच ७ असताना, एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त, विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड, अल्कधर्मी पाणी म्हणूनच दुधारी असते. नायट्रीकरणात बनणारे आम्ल ते पचवते, पण वसाहत कोलमडली तर त्याच पाण्यात मासे लवकर मरतात.

ऑक्सिजनचा हिशेबही कडक आहे. अमोनियातील एक ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट करायला सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. २५ अंशांना समुद्रसपाटीवर एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. बंगळूर सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब दहा टक्क्यांनी कमी असतो, आणि ही मर्यादा साडेसात मिलिग्रॅमच्याही थोडी खाली येते. मुंबईतल्या पेटीपेक्षा मारतहळ्ळीतल्या पेटीची शिल्लक मुळातच कमी आहे. वीज गेली आणि बंद डब्याच्या फिल्टरमधले पाणी काही तास थांबले, तर आतली वसाहत उरलेला ऑक्सिजन संपवते आणि स्वतःच गुदमरते.

अशा वेळी दुसरा फिल्टर कामाला येतो, पण लोक समजतात त्या रीतीने नव्हे. दोन फिल्टर झाले म्हणून जिवाणू दुप्पट होत नाहीत. स्थिर अवस्थेत जिवाणूंची संख्या त्यांना मिळणाऱ्या अमोनियावर ठरते, आणि अमोनिया ठरतो माशांवर आणि अन्नावर. मासे तेवढेच असतील, तर तीच वसाहत दोन घरांत वाटली जाते. फायदा निराळा आहे. एक फिल्टर धुताना किंवा बंद पडल्यावर निम्मी वसाहत शाबूत राहते. मासे हळूहळू वाढवले तर वसाहतीला पसरायला जागा मिळते. पाणी अधिक घुसळले गेल्याने ऑक्सिजनही वाढतो. म्हणून नवा फिल्टर जुन्याच्या शेजारी चार ते सहा आठवडे चालवावा, जुन्या स्पंजाचा तुकडा नव्यात ठेवावा, आणि स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा.

दुसऱ्या फिल्टरलाही जमत नाही असे एक काम उरते. नायट्रेट साचतच जाते, आणि ते काढायला पाण्याचा काही भाग बदलावा लागतो. दोनशे लिटरच्या पेटीत चौथा हिस्सा म्हणजे पन्नास लिटर. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरमध्ये पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास बंदी घालावी लागली, तेव्हा या पन्नास लिटरचा अर्थ घराघराला कळला. हे पाणी कुंड्यांना घालता येते, कारण झाडांना नायट्रेट हवेच असते.

पेटीबाहेर

मारतहळ्ळीच्या दक्षिणेचे बेळ्ळंदूर तळे सुमारे ९०० एकरांचे आहे. शहराच्या सांडपाण्याचा फार मोठा वाटा वर्षानुवर्षे त्यात येत राहिला, आणि पुढे तेच पाणी वर्तूर तळ्यात जाते. मे २०१५ मध्ये तिथल्या फेसाला आग लागल्याचे छायाचित्र जगभर गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये तळे पेटले. शेवटच्या खेपेला आग विझवायला लष्कराचे जवान उतरले. मार्च २०१६ मध्ये शहराच्या मध्यभागी, अलसूर तळ्यात, हजारो मासे मरून काठाला लागले.

तळे हीसुद्धा एक पेटी आहे. तिच्यातही पृष्ठभाग, ऑक्सिजन आणि वेळ यांचा हिशेब चालतो. वॉरिंग्टन यांच्या भांड्यात दोन मासे होते, म्हणून समतोल टिकला. क्षमतेच्या कितीतरी पट सेंद्रिय घाण रोज येत राहिली, की ती कुजवणारे जलद वाढीचे जिवाणू आधी ऑक्सिजन संपवतात, संथ वाढणारे नायट्रीकारक गुदमरतात, आणि अमोनिया तसाच पुढे वाहतो. साबणचुऱ्यातली फेसकारी द्रव्ये आणि फॉस्फेट यांची त्यात भर पडते.

शहराचा दुसरा फिल्टर म्हणजे शुद्धीकरण प्रकल्प, आणि तिथेही चूक तीच होते. यंत्र बसवले की काम झाले असे समजले जाते. तळघरातल्या टाकीचा हवेचा पंप विजेचे बिल वाचवण्यासाठी रात्री बंद ठेवला, तर वसाहतीला ऑक्सिजन मिळत नाही आणि नायट्रीकरण थांबते. जिने पाच आठवड्यांचे काम एका दिवसावर आणले, ती वसाहत गमावली तर पुन्हा उभी राहायला आठवडे घेते. त्या आठवड्यांत बाहेर पडणारे पाणी दिसायला कदाचित निवळलेले असेल. त्यातला अमोनिया उतारावरून बेळ्ळंदूरला जातो.

माशांची पेटी सांभाळणाऱ्या शाळकरी मुलाला हे सगळे थोड्या दिवसांत कळते, कारण त्याच्याकडे चाचणीपट्ट्या असतात आणि डोळ्यांसमोर मासे असतात. तो पट्टी बुडवतो, रंग पाहतो, एक दिवस खाद्य कमी करतो. त्याच्या खाली, सहा-सात मजले उतरून, तळघरात तीच वसाहत मोठ्या टाकीत घुसळत असते. त्या टाकीत पट्टी बुडवून पाहायला आपल्या संकुलात कोण जाते, हा प्रश्न त्या मुलाने एकदा घरी विचारायला हरकत नाही.